नाण्याची कडही दाखवा : लिलावगृहांना आणि नाणेविक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
प्राचीन नाणी व ऐतिहासिक पदके यांचे लिलाव करणाऱ्या संस्था, विक्रेते आणि त्यांच्यासाठी सूची लिहिणारे तज्ज्ञ

विषय : छायाचित्रात न दिसणाऱ्या गोष्टींची वर्णनात नोंद करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आपल्या सूचींमधील छायाचित्रे गेल्या काही दशकांत कमालीची सुधारली, हे प्रथम मोकळेपणाने मान्य करतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील एखादी लिलावसूची उघडली तर तिच्यात बहुधा नाण्यांवरून काढलेल्या प्लास्टरच्या प्रतिकृतींची छायाचित्रे दिसतात. धातूचा रंग नाही, गंज नाही, झळाळी नाही, केवळ पांढऱ्या गोलावर उमटलेला उठाव. आज त्याच नाण्यावरचा केसाएवढा ओरखडाही पडद्यावर मोठा करून पाहता येतो. मात्र चित्र इतके बोलके होत असतानाच त्याखालचा मजकूर आटत गेला. राजाचे नाव, अंदाजे काळ, संदर्भसूचीतला एक क्रमांक आणि त्यापुढे ‘अप्रतिम’, ‘अत्यंत दुर्मीळ’, ‘संग्रहाची शोभा वाढवणारे’ अशी विशेषणे, एवढ्यावर अनेक नोंदी संपतात. नाणे ओळखायला आणि ते अस्सल की बनावट हे ठरवायला जे लागते, त्यातले बरेचसे छायाचित्रात कधीच येत नाही. वजन, कड, ठशांची परस्परदिशा, पूर्वी झालेली डागडुजी आणि ती वस्तू आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली याची हकीकत, या गोष्टी केवळ आपणच सांगू शकता, कारण वस्तू आपल्या हातात असते आणि ती कोणी आणून दिली हेही आपल्यालाच ठाऊक असते. त्या आपण प्रत्येक नोंदीत लिहाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

वजनापासून सुरुवात करतो. प्राचीन काळी सोन्या-चांदीचे नाणे म्हणजे ठरावीक वजनाचा धातू, आणि त्या वजनाची हमी म्हणून त्यावर छाप. म्हणून वजन हा ओळखीचा पहिला पुरावा ठरतो. अथेन्सचे घुबडाचे चित्र असलेले चार द्राख्मांचे चांदीचे नाणे अॅटिक म्हणजे अथेन्सच्या वजनमानानुसार सुमारे १७.२ ग्रॅम भरते. जेमतेम वापरलेले दिसणारे असे नाणे १५ ग्रॅमच्या आसपास भरले, तर आत तांब्याचा गाभा ठेवून वर चांदीचा मुलामा चढवलेला आहे का, अशी शंका घ्यावी लागते, आणि ती शंका घेण्याचा अधिकार बोली लावणाऱ्याला बोलीपूर्वी मिळायला हवा. रोमन दिनारियस या चांदीच्या नाण्याचेही तसेच आहे. प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळात एका रोमन पौंडातून ८४ दिनारियस पाडत, म्हणजे एकाचे वजन सुमारे ३.९ ग्रॅम, इ.स. ६४ मध्ये सम्राट नीरोने ती संख्या ९६ वर नेली आणि नाणे सुमारे ३.४ ग्रॅमवर उतरले. नीरोच्या एखाद्या झिजलेल्या नाण्यावरील लेख अर्धवट उरला असेल, तर ते या बदलाच्या अलीकडचे की पलीकडचे हे ठरवायला वजनाची मोठी मदत होते. झीज जमेस धरली की एकट्या वजनावर निवाडा देता येत नाही हे खरे. पण वजनच छापले नसेल तर विचाराला आरंभही करता येत नाही.

हे वजन ग्रॅममध्ये, दशांश चिन्हापुढील दोन अंकांपर्यंत असावे. ‘सुमारे ४ ग्रॅम’ ही नोंद असून नसल्यासारखी आहे. महत्त्वाच्या सोन्या-चांदीच्या नाण्यांसाठी घनताही द्यावी, अशी माझी सूचना आहे. नाणे आधी हवेत आणि मग पाण्यात टांगून तोलण्याची रीत जुनी आहे आणि तिने नाण्याला इजा होत नाही. पाण्याच्या तुलनेत शुद्ध चांदीची घनता १०.५, तांब्याची ८.९, शिशाची ११.३ आणि सोन्याची १९.३. तांब्याच्या गाभ्याचे नाणे या कसोटीत बहुधा उघडे पडते. शिसे व अन्य धातू हिशेबाने मिसळून चांदीची घनता साधणाराही एखादा कसबी निघतो, म्हणून ही शेवटची कसोटी नव्हे. तांब्या-कांशाच्या नाण्यांत वजनाची शिस्त पुष्कळदा ढिली असे, तेथे घनतेचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

आता कडेविषयी, आणि येथे थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी, कारण माझ्या मते आपल्या सूचींमधील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. दोन बाजूंची दोन छायाचित्रे दिली की वस्तू पूर्ण दाखवली, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात नाण्याला तिसरी बाजू असते आणि नक्कल करणाऱ्याची पंचाईत नेमकी तिथेच होते. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर दोन भाग जुळल्याची शिवण राहते. ती कानसीने घासून काढली तर घासल्याच्या समांतर रेघा राहतात. एकोणिसाव्या शतकात विद्युतविलेपनाने, म्हणजे विजेच्या साहाय्याने साच्यात धातूचा थर बसवून, केलेल्या प्रतिकृती तर समोरून पाहता अस्सलाशी तंतोतंत जुळतात, कारण त्या अस्सलावरच घेतलेल्या साच्यातून तयार होत. दर्शनी आणि मागील बाजूचे दोन पातळ कवच जोडून, आत भर घालून त्या पूर्ण करत, आणि तो सांधा कडेवर दिसतो. ब्रिटिश म्युझियमसाठी रॉबर्ट रेडी यांनी अभ्यासकांकरिता अशा प्रतिकृती केल्या, तेव्हा कोणाची फसगत होऊ नये म्हणून त्यांतील अनेकांच्या कडेवर आपल्या नावाची किंवा म्युझियमची आद्याक्षरे ठोकली. करणाऱ्याने प्रामाणिकपणे खूण ठेवली आणि विकणाऱ्याने कड दाखवली नाही, तर त्या खुणेचा उपयोग काय?

पदकांच्या बाबतीत कड म्हणजे निम्मी ओळख. पॅरिसच्या टांकसाळीने १८३२ पासून आपल्या पदकांच्या कडेवर चिन्ह ठोकण्यास आरंभ केला. आधी दिवा, १८४१ च्या सुमारास थोडा काळ जहाजाचा नांगर, मग जहाजाची नाळ (पुढचे टोक), १८४५ पासून बोट दाखवणारा हात, १८६० पासून मधमाशी आणि १८८० पासून धान्य-फळांनी भरलेले शिंग, असा त्यांचा क्रम आहे. नेपोलियनच्या विजयांची पदके या टांकसाळीने जुन्या ठशांवरून वर्षानुवर्षे पुन्हा पाडली. त्यामुळे पदकाच्या दर्शनी बाजूवर १८०६ हे साल असले आणि कडेवर मधमाशी असली, तर ते पदक नेपोलियनच्या पुतण्याच्या राजवटीतले किंवा तिच्यानंतरच्या काही वर्षांतले आहे, हे पाहताक्षणी कळते. पुन्हा पाडलेले पदक म्हणजे काही बनावट वस्तू नव्हे. ते अधिकृत आहे, बरेचदा देखणे आहे आणि ज्याला हवे त्याने ते खुशाल घ्यावे. पण सूचीत ‘नेपोलियनकालीन पदक, १८०६’ एवढेच छापून कडेविषयी मौन बाळगणे ही खरेदीदाराची दिशाभूल आहे, मग ती अनवधानाने का होईना.

ओतीव पदकांत कडेच्या जोडीला व्यासही लागतो. इटालियन कलावंत पिसानेल्लो याने बायझंटाइन सम्राट आठवा जॉन पॅलिओलोगस याचे पदक केले ते सम्राट फेराराच्या धर्मपरिषदेसाठी इटलीत आला होता त्या काळात, १४३८ च्या सुमारास. प्रबोधनकाळातील व्यक्तिचित्रात्मक पदकांची परंपरा सामान्यतः येथून मोजतात. त्याच्या चांगल्या प्रतींचा व्यास १०३ मिलिमीटरच्या आसपास असतो. जुन्या प्रतीवरून साचा घेऊन नवी प्रत ओतली की थंड होताना धातू आकसतो आणि नवी प्रत मूळापेक्षा शेकडा एक-दोन टक्क्यांनी लहान होते. त्या प्रतीवरून आणखी एक ओतली तर आणखी लहान. अक्षरे बोथट होतात, केसांच्या बटा एकमेकींत मिसळतात, पण ते सारे तुलनेसाठी दुसरी प्रत शेजारी असल्यावर जाणवते. व्यास मात्र एकट्या प्रतीवरही मोजता येतो. आपण तो ‘१० सेंमी.’ असा पूर्णांकात छापता, तेव्हा पहिल्या पिढीची प्रत आणि तिसऱ्या पिढीची प्रत यांतला फरक त्या पूर्णांकातच बुडून जातो.

लष्करी पदकांवर कडेचे महत्त्व आणखी निराळ्या कारणाने आहे. वॉटर्लूच्या लढाईबद्दल दिलेल्या ब्रिटिश पदकाच्या कडेवर ते मिळवणाऱ्याचे नाव आणि पलटण यंत्राने ठोकलेली असे, आणि ते अधिकाऱ्यापासून साध्या शिपायापर्यंत सर्वांना दिले गेले. पुढे ब्रिटिशांच्या अनेक मोहिमांच्या पदकांवर ही पद्धत चालू राहिली. त्यामुळे एकाच ठशाची दोन पदके कडेवरील नावामुळे दोन वेगळे दस्तऐवज होतात, आणि पलटणींच्या जुन्या याद्यांशी ते नाव ताडून पाहता येते. साहजिकच, मूळ नाव घासून तेथे लढाईत गाजलेल्या एखाद्याचे नाव कोरण्याचा उद्योगही चालत आला आहे. नाव घासलेल्या पदकाची कड किंचित खोलगट आणि व्यास कमी भरतो, अक्षरांचे वळण त्या काळच्या यंत्राशी जुळत नाही. कडेचे स्पष्ट छायाचित्र असले तर जाणकार हे दूर बसूनही ओळखू शकतात. एकाच सैनिकाची चार पदके चार लॉटमध्ये, म्हणजे लिलावाच्या चार स्वतंत्र नोंदींत, फोडून विकू नयेत, हीही विनंती येथेच नोंदवतो. फोडल्याने पैसे जास्त मिळत असतील, पण एकदा विखुरलेला तो संच पुन्हा जुळवण्याची शक्यता फार थोडी.

पारदर्शक प्लास्टिकच्या बंद डब्यांत नाणी सीलबंद करून त्यावर दर्जाचा आकडा लिहिण्याची पद्धत आता प्राचीन नाण्यांपर्यंत पोचली आहे. हाताळणीपासून संरक्षण होते, हे मान्य. परंतु अशा डब्यात कड पुष्कळदा झाकली जाते आणि नाणे पुन्हा तोलता येत नाही, म्हणजे परीक्षेची दोन साधने खरेदीदाराच्या हातून काढून घेतली जातात. असे नाणे विक्रीस ठेवताना डब्यावरचे वजन आणि कडेची डबाबंदीपूर्वीची छायाचित्रे यांची विचारपूस आपण करावी, आणि ती मिळाली नाहीत तर तसे छापावे.

दोन्ही बाजूंच्या ठशांची परस्परदिशा लिहायला तर एक आकडा पुरतो. दर्शनी बाजू सरळ धरून नाणे उभ्या अक्षाभोवती फिरवले की मागच्या चित्राचा माथा कोठे येतो, हे घड्याळाच्या तासांत सांगायचे. कुषाणांच्या सोन्याच्या नाण्यांत ही दिशा बहुधा बाराची असते. रोमन साम्राज्याच्या अनेक टांकसाळींत ती सहा किंवा बाराच्या जवळ राखली जाई. काही टांकसाळींनी ती मुळीच पाळली नाही. ज्या प्रकारात दिशा ठरलेली आहे तेथे भलतीच दिशा दिसली तर थांबून पाहावे लागते. शिवाय अभ्यासक आपल्या सूची चाळून एकाच ठशातून पडलेली नाणी शोधतात, ठशाला गेलेला तडा कसा वाढत गेला त्यावरून नाणी कोणत्या क्रमाने पाडली ते लावतात आणि ठशांच्या संख्येवरून त्या टांकसाळीच्या कामाचा आवाका अजमावतात. त्यांना लागणारा हा आकडा आपल्याकडे फुकट उपलब्ध असतो.

लेखाच्या वाचनाबाबत थोडे. नाणे पाडताना चकती ठशापेक्षा लहान पडली की लेखाचा काही भाग नाण्याबाहेर जातो. पश्चिम भारतात राज्य करणाऱ्या पश्चिमी क्षत्रप या शक राजांची चांदीची लहानशी नाणी याचे उत्तम उदाहरण आहेत. त्यांच्या लेखात राजाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि दोघांच्या पदव्या असतात, तर दर्शनी बाजूला राजाच्या मस्तकामागे बरेचदा शक वर्षाचे अंक असतात. नाव अर्धे गेले तरी वडिलांचे नाव, ‘क्षत्रप’ की ‘महाक्षत्रप’ ही पदवी आणि शतकाचा एखादा अंक यांच्या मेळाने राजा निश्चित करता येतो. एकच व्यक्ती आधी क्षत्रप आणि पुढे महाक्षत्रप झालेली असल्याने पदवीलाही काळाचे मोल आहे. अशा नाण्याचे वर्णन लिहिताना प्रत्यक्ष वाचलेली अक्षरे आणि संदर्भग्रंथावरून भरलेली अक्षरे वेगळी दाखवणे अत्यावश्यक आहे. शिलालेखांचे वाचन छापणारे अभ्यासक भरलेली अक्षरे कंसात ठेवतात, ती शिस्त आपण जशीच्या तशी उचलावी. आज आपल्या नोंदींत पूर्ण लेख डौलाने छापलेला असतो आणि चित्रात त्यातली पाच अक्षरे दिसतात. उरलेली कोठून आली, हे वाचकाने ताडायचे. नाणे ओळखता आले नाही तर ‘निश्चित ओळख पटली नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. उलट अशा नोंदीकडे मी जास्त लक्ष देऊन पाहतो, कारण ती लिहिणाऱ्याने नाणे खरोखर पाहिलेले असते.

बनावटीविषयी बोलताना इतिहासाचे भान ठेवले पाहिजे. इटलीतील पाडुआच्या जोव्हान्नी दा काव्हिनो (१५०० ते १५७०) याने रोमन कांशाच्या मोठ्या नाण्यांच्या धर्तीवर नवे ठसे कोरून जी नाणी पाडली, ती आज सोळाव्या शतकाची कलाकृती म्हणून संग्रहात मानाने ठेवली जातात. अस्सलापेक्षा पातळ आणि जास्त नेमकी गोल चकती, अक्षरांत प्रबोधनकाळाचे वळण, यांवरून ती ओळखता येतात. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२ ते १८३०) या जर्मन गृहस्थाने ग्रीक, रोमन आणि मध्ययुगीन नाण्यांचे शेकडो ठसे स्वतः कोरले. ताज्या नाण्यांना जुनेपण यावे म्हणून लोखंडाच्या किसात ती ठेवून ती पेटी तो आपल्या बग्गीला बांधून रपेट करी, असे सांगतात. त्याचे पुष्कळ ठसे पुढे बर्लिनच्या संग्रहालयात पोचल्याने त्याची कामगिरी आता नोंदलेली आहे. नोंद झाली की बनावट नाणेही अभ्यासाच्या कामी येते. आपल्याकडे मात्र उलटा प्रकार घडतो. एखाद्या लॉटवर जाणकारांनी हरकत घेतली की तो लॉट विक्रीआधी निमूटपणे मागे घेतला जातो, त्याचे पान नाहीसे होते आणि वर्षभरात तेच नाणे दुसऱ्या कोठल्या तरी सूचीत नव्या वर्णनासह उगवते. मागे घेतलेल्या लॉटचे चित्र, वजन आणि मागे घेण्याचे कारण आपण आपल्या संग्रहित पानांवर तसेच राहू द्यावे. बनवणारे लोक एका अस्सल नाण्यावरून ठसा उतरवून अनेक नकला पाडतात, तेव्हा अस्सलावरचा योगायोगाचा ओरखडा किंवा खड्डा सगळ्या नकलांवर त्याच जागी येतो. दोन नाण्यांवर तोच खड्डा दिसला की प्रकरण उलगडते, पण त्यासाठी दोन्ही चित्रे शाबूत असावी लागतात.

आता सर्वांत नाजूक विषयाकडे येतो, म्हणजे वस्तूच्या पूर्वेतिहासाकडे. ‘जुन्या युरोपीय खासगी संग्रहातून’ हे वाक्य मी इतक्या नोंदींत वाचले आहे की त्याचा अर्थ आता ‘सांगायचे नाही’ एवढाच उरला आहे. कोणाचा संग्रह, कोणत्या दशकात घेतलेले नाणे, कोणत्या लिलावातून, जुनी चिठ्ठी आहे का, यांपैकी काहीही त्यात नसते. इ.स.पू. ४२ मध्ये ब्रुटसने सीझरच्या हत्येचे स्मारक म्हणून पाडलेले, दोन खंजीर आणि मधे टोपी असे चित्र असलेले सोन्याचे नाणे २०२० साली लिलावात विक्रमी किमतीला गेले. त्याच्या पूर्वेतिहासाची कागदपत्रे खोटी असल्याचे पुढे तपासात निघाले आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या तपासयंत्रणेने ते नाणे ग्रीसच्या स्वाधीन केले. नाण्याच्या अस्सलपणामुळे त्याचा पूर्वेतिहास आपोआप सिद्ध होत नाही, हे त्या प्रकरणाने साऱ्या व्यवसायाला दाखवून दिले. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० सालचा आहे, आणि अनेक संग्रहालये खरेदी करताना तेच वर्ष सीमारेषा मानतात. आपल्या नोंदीत निदान त्या रेषेच्या अलीकडचा की पलीकडचा मुद्दा तरी स्पष्ट व्हावा.

येथे कायद्यापेक्षा ज्ञानाची हानी मला जास्त खुपते. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षहरात घराण्यातील क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा १३ हजारांहून मोठा ठेवा सापडला. त्यातील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. त्यातले एखादे नाणे सुटे हाती आले असते तर ‘नहपानाच्या नाण्यावर सातवाहनांची छाप’ इतकेच म्हणता आले असते. ठेवा एकत्र पाहिला गेला म्हणून, जिंकलेल्या राजाचे चलनच आपल्या नावावर करून घेण्याचे ते काम किती मोठ्या प्रमाणावर झाले याची कल्पना आली आणि नाशिकच्या लेण्यातील लेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे जे म्हटले आहे, त्याला धातूचा पुरावा मिळाला. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यात फ्रोमजवळ २०१० साली एका मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी सापडली. शोधणाऱ्याने मडके स्वतः उपसले नाही, पुरातत्त्वज्ञांना बोलावले, आणि त्यांनी नाणी थराथराने वेगळी काढली. कॅरॉसियस या उशिराच्या राजाची बहुतेक नाणी मडक्याच्या निम्म्याहून खालच्या भागात निघाली. वर्षानुवर्षे थोडी थोडी शिल्लक टाकत गेले असते तर नवी नाणी वर आली असती; म्हणजे हे मडके एकाच वेळी भरले गेले. ही एक ओळ लिहिता आली ती कोणते नाणे कोणत्या थरात होते याची नोंद झाली म्हणून. एकदा ती सगळी नाणी घासूनपुसून दर्जानुसार लावली असती, तर हा निष्कर्ष कोणत्याही प्रयोगशाळेला परत मिळवता आला नसता.

आपल्याकडे ठेवे येतात आणि ते शेकडो लॉटमध्ये, कधी दोन-तीन वर्षांत पसरून विकले जातात, ही व्यवहाराची गरज मी समजू शकतो. कायदेशीररीत्या बाजारात आलेला असा ठेवा फोडण्यापूर्वी त्याची संपूर्ण यादी करावी, प्रत्येक नाण्याचे चित्र व वजन नोंदवावे, आणि ‘अमुक ठेव्यातील’ ही खूण प्रत्येक लॉटवर राहू द्यावी. जुन्या संग्राहकांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठ्या नाण्यासोबत द्याव्यात आणि त्यांचे चित्रही छापावे. ट्रान्सिल्व्हेनियात १७१३ साली निघालेल्या, स्पॉन्सियन नावाच्या अन्यथा अज्ञात सम्राटाच्या सोन्याच्या नाण्यांचा वाद आजही मिटलेला नाही. एकोणिसाव्या शतकात ती बनावट ठरली, २०२२ मध्ये काही संशोधकांनी ग्लासगोच्या प्रतीवरील झीज आणि मातीचे थर तपासून ती अस्सल असल्याचा दावा केला, आणि त्यालाही अनेक नाणकशास्त्रज्ञांनी विरोध केला. तीन शतकांपूर्वी व्हिएन्नाच्या दरबारी पदकसंग्रहाच्या अधिकाऱ्याने त्यांची जी नोंद करून ठेवली, तिच्यावाचून या वादाला आधारच राहिला नसता.

सफाई आणि डागडुजीविषयी थोडक्यात. कांशाच्या मोठ्या रोमन नाण्यांवर झिजलेले केस आणि वस्त्राच्या चुण्या नव्याने कोरून काढणे, मैदान, म्हणजे चित्राभोवतीची मोकळी जागा, खडबडीत असल्यास तासून गुळगुळीत करणे, उडालेला कपचा भरणे, हे सर्व आपल्या नोंदीत ‘किंचित सफाई केलेली’ या एका शब्दप्रयोगाखाली दडते. नव्याने कोरलेले असल्यास ‘कोरलेले’ असेच लिहावे. फिक्या हिरव्या भुकटीच्या रूपाने दिसणारा क्लोराइडजन्य गंज आढळल्यास तो लपवू नये. दमट हवेत तो पसरत जातो आणि नाणे पोखरतो. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून नाणी पाठवणे आपण बंद करावे, कारण त्यातील द्रव्ये झिरपून धातूवर चिकट हिरवट थर धरतो. ज्या नाण्यावर जुन्या नाण्याची छाप खाली दिसते, तेथे ती पुसून टाकणारी सफाई तर कदापि करू नये. रोमविरुद्ध बार कोख्बाने केलेल्या बंडातील ज्यूंची नाणी (इ.स. १३२ ते १३५) चलनातील रोमन व प्रांतिक नाण्यांवरच छापलेली आहेत, आणि खाली डोकावणारा सम्राटाचा चेहरा हा त्या नाण्याच्या अर्थाचाच भाग आहे.

‘ग्राहक हे काही विचारत नाहीत’, असे उत्तर मला मिळू शकते. त्यात तथ्य आहे, आणि संग्राहकांचाही यात वाटा आहे. विशेषणांना भुलून बोली लावणारे आहेत म्हणून विशेषणे छापली जातात. वेळेचा आणि खर्चाचा प्रश्नही निघेल. चांगला तराजू आणि व्हर्नियर कॅलिपर आपल्याकडे असतातच. छायाचित्रकार दोन बाजू टिपतो तेव्हाच कड टिपण्यास फारसा जादा वेळ लागत नाही. सामान्य नाण्यांच्या एकगठ्ठा लॉटसाठी प्रत्येकाची स्वतंत्र नोंद मी मागत नाही. तेथे सर्व नाणी दिसतील असे दोन्ही बाजूंचे चित्र पुरे. विकणाऱ्याच्या नावाच्या गोपनीयतेचा आक्षेप मात्र मला पटत नाही. नाव न छापताही ‘अमुक दशकात अमुक शहरातील व्यापाऱ्याकडून खरेदी, चिठ्ठी सोबत’ असे लिहिता येते, आणि तेवढेही सांगता येत नसेल तर अडचण गोपनीयतेची नसून माहितीची आहे.

सर्व बदल एकदम होणे कठीण असेल, तर पुढील सूचीपासून तीन गोष्टी सुरू कराव्यात. प्रत्येक पदकाच्या कडेचे छायाचित्र, प्रत्येक सोन्या-चांदीच्या नाण्याचे दोन दशांशांपर्यंतचे वजन, आणि पूर्वेतिहासाच्या रकान्यात ठोस माहिती. जेथे ती मिळालेली नाही तेथे ‘जुना खासगी संग्रह’ न छापता ‘पूर्वेतिहास अज्ञात’ असे स्वच्छ छापावे, म्हणजे बोली लावायची की नाही हे आम्हाला आमच्या जबाबदारीवर ठरवता येईल.

आपला,
एक संग्राहक